गाण्यांच्या मधलं संगीत कुठाय? मराठी निर्माते आणि म्युझिक कंपन्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र नेमकं कुणाच्या नावानं लिहायचं यातच माझा पहिला अर्धा तास गेला. सिनेमाच्या पार्श्वसंगीताचा मालक कोण असं विचारलं की निर्माता म्हणतो म्युझिक कंपनीला विचारा, कंपनी म्हणते आमच्याकडं फक्त गाणी आहेत बाकीचं निर्मात्याकडं, आणि संगीतकार म्हणतो माझ्याकडं हार्ड डिस्क होती हो पण ती आता चालू होत नाही. म्हणून पहिल्या दोघांना एकत्रच लिहितेय. संगीतकारांनी वाचलं तर चांगलंच, पण त्यांच्यावर माझा राग नाही.

निमित्त सांगते. मागच्या महिन्यात एक मराठी सिनेमा बघून आले. नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका सिनेमाचा नाही. इंटरव्हलनंतर एक सीन आहे, म्हातारा पहाटे विहिरीवर जातो, संवाद एक नाही, आणि मागं सनईसारखं काहीतरी वाजतं पण सनईपेक्षा बारीक, मला वाटतं सोलापूरकडची सुंद्री असणार. अंगावर काटा आला. बाहेर येऊन पार्किंगमध्येच फोन काढला आणि अल्बम उघडला. सात ट्रॅक. त्यात गाणी चार, आणि उरलेले तीन म्हणजे त्यातल्याच एका गाण्याचं लोफाय, त्याचंच रिप्राइज आणि त्याचंच डीजे व्हर्जन. सुंद्रीचा पत्ता नाही. कंपनीच्या पोस्टखाली माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं की बीजीएम (म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक, पार्श्वसंगीतच) कधी टाकताय, तर उत्तर काय, "सध्या तसा विचार नाही, बीजीएमला मागणी नसते." आता ज्या पोस्टखाली लोक रांग लावून मागतायत तिथंच मागणी नसते म्हणून सांगायचं म्हणजे कमाल झाली. तर ही घ्या मागणी, लेखी.

मी कोल्हापूरची, विमा कंपनीत नोकरी करते, संगीत शिकलेली नाही. पण आमचे आण्णा क्लॅरोनेट वाजवायचे. (क्लॅरिनेट म्हणतात हे माहितीय, पण बँडवाल्यांच्या घरात क्लॅरोनेटच.) लग्नसराईत बँड, गणपतीत मिरवणुका, आणि मधल्या कोरड्या दिवसांत कुणी बोलावलं तर रेकॉर्डिंग. ऐंशीच्या दशकात आमच्याच पेठेतला एक माणूस मुंबईत अरेंजर होता, त्यानं आण्णांना दोन-तीनदा बॅकग्राउंडच्या कामाला बोलावलं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, टॅक्सीचे पैसे वाचवत लोकलनं स्टुडिओ गाठायचा, शिफ्ट वाजवायची, पाकीट घ्यायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत.

ते सांगायचे, हॉलमध्ये पडद्यावर रीळ चालायचं पण वाजवणाऱ्यांची पाठ पडद्याकडं असायची, सीन बघायचा तो कंडक्टरनं, बाकीच्यांनी त्याच्या हाताकडं बघायचं. त्यामुळं आपण कशासाठी वाजवतोय, लग्न आहे की मयत, हे कुणालाच माहिती नसायचं. "नोटेशन दिलं, दोन टेक झाले, ओके म्हणाले, चहा आला." आण्णांच्या तोंडून रेकॉर्डिंगचं वर्णन यापलीकडं कधी गेलं नाही.

मग तो सिनेमा लागला, साल १९८७. आम्ही चौघं तिकीट काढून गेलो. नायिका एसटी स्टँडवर बसलीय, तिची गाडी काही लागत नाही, संध्याकाळ होत आलीय, आणि क्लॅरोनेट सुरू झालं. दीड मिनिट. आण्णा अंधारात एकदम ताठ झाले आणि आईच्या कानात म्हणाले, "ह्ये मी हाय."

कॅसेट आली. सहा गाणी. आण्णांचं दीड मिनिट नाही. ते कॅसेटच्या दुकानात जाऊन उगीचच कव्हर उलटं-सुलटं करून बघत होते ते मला अजून दिसतं. चार-पाच वर्षांनी सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा भावानं आमचा नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर टीव्हीच्या जाळीला लावून तेवढा सीन टेप केला, सगळ्यांना दम देऊन गप्प बसवलं, पण आईला गॅसपासून हलवायचं राहिलं. त्यामुळं त्या कॅसेटवर पन्नासाव्या सेकंदाला क्लॅरोनेट जिथं वर चढतं तिथंच कुकरची शिट्टी आहे. एकच नाही, दोन. वडिलांचं सिनेमातलं वाजवणं म्हणून माझ्याकडं आज जे काही आहे ते एवढंच, कुकरसकट.

आण्णा २०१९ ला गेले. नंतर मी त्या सिनेमाची गाणी ज्या कंपनीकडं आहेत तिथं मेल केला, सिनेमाचं नाव, साल, सीन, सगळं लिहून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की मॅडम या नावाचं कुठलंही गाणं आमच्या कॅटलॉगमध्ये नाही. मी परत लिहिलं, गाणं नाही, पार्श्वसंगीत. त्यावर उत्तर आलं की या सिनेमाच्या गाण्यांच्या कॉलर ट्यून उपलब्ध आहेत आणि खाली चार नंबर. बिचाऱ्या पोराची काय चूक, त्याला दिलेल्या यादीत पार्श्वसंगीत नावाचा रकानाच नसणार. माझं भांडण त्या रकान्यासाठी आहे.

आता तक्रारी, आठवतील तशा.

पहिली. तुम्ही ज्याला सिनेमाच्या संगीताचा अल्बम म्हणता तो गाण्यांचा अल्बम असतो. सैराटचं बघा. अजय-अतुल लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर गेले, सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं, आपल्या मराठी सिनेमासाठी, हे वाचून तेव्हा आमच्या ऑफिसात मी पेढे वाटायची बाकी होते. २०१६ चा तो अल्बम हातात घेतला तर ४ गाणी. ती चारही अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहेत, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही माझा. पण जवळजवळ तीन तासांच्या सिनेमात गाण्यांच्या बाहेर पण संगीत होतं ना. फँड्रीचं तर आणखी गंमतशीर. फँड्री म्हटलं की लोक विंचू चावल्याचं गाणं म्हणतात, जे अजय-अतुलनी प्रमोशनसाठी केलं होतं. जब्या रानातनं फिरतो तेव्हा मागं जे वाजतं ते आलोकनंदा दासगुप्ताचं आहे, हे किती जणांना माहिती आहे? मी माझ्या ओळखीच्या सिनेमावेड्या माणसांना विचारलं, दोघांना माहिती होतं. किल्ला आठवतोय का, तो कोकणातला पाऊस आणि ते एकटं पोरगं, त्याचं संगीत नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर या जोडीचं. असली नावं प्रेक्षकाला कळायची कुठनं, तर अल्बमच्या कव्हरवरनं. अल्बमवर गाणंच तेवढं असेल तर नाव पण गाणंवाल्याचंच राहणार.

दुसरी. कधीमधी मेहरबानी म्हणून तुम्ही "थीम" नावाचा एक ट्रॅक टाकता. तो एक मिनिट दहा सेकंदांचा असतो, त्यावर हिरोचा डायलॉग चिकटवलेला असतो, आणि जिथं आता काहीतरी सुरू होणार असं वाटतं तिथंच आवाज बारीक करत संपवलेला असतो. किंवा मग सगळं पार्श्वसंगीत चाळीस मिनिटांच्या एकाच व्हिडिओत जुकबॉक्स म्हणून, मधे मधे कंपनीचा लोगो आणि सबस्क्राइब करा. यापेक्षा न दिलेलं परवडलं असं म्हणणार होते, पण नाही परवडत, तेवढं तरी असू दे.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात लागते. आमच्यासारखी येडी माणसं ओटीटीवरनं सीन कापून, संवादाचा आवाज जमेल तितका पुसून, ते संगीत यूट्यूबवर टाकतात. पैसे मिळवायला नाही, दुसऱ्या येड्याला ऐकवायला. आमच्या व्हॉट्सअप ग्रुपातल्या एका पोरानं असाच एक तुकडा टाकला, इतका मन लावून केला होता की पावसाचा आवाज सुद्धा वेगळा काढला होता, आणि दुसऱ्या दिवशी हक्कभंगाची नोटीस. कायद्यानं बरोबरच आहे, आम्ही चूक आहोत, मान्य. पण जी वस्तू तुम्ही दुकानात ठेवतच नाही तिच्या चोरीची नोटीस द्यायला मात्र तुमचं मशीन एका रात्रीत जागं होतं. म्हणजे मालक कोण हे मशीनला माहिती आहे, मी मेल करून विचारलं की मात्र कुणालाच माहिती नसतं.

चौथी तक्रार हार्ड डिस्कची. एका संगीतकाराशी बोलणं झालं होतं, नाव सांगणार नाही, त्यांना पुढं काम मिळायचंय. त्यांनी दहा-अकरा वर्षांपूर्वी एका सिनेमाला अतिशय सुंदर काम केलं होतं, मी फॅन म्हणून विचारलं की तुमच्याकडं तरी आहे का हो ते. म्हणाले, मिक्सिंगला दिलेली कॉपी स्टुडिओनं पुसली, स्टुडिओ पण आता राहिला नाही, माझी डिस्क बंद पडली, आणि बॅकअपमध्ये प्रोजेक्ट आहे पण त्यातले प्लगइन आता मिळत नाहीत म्हणून तो उघडत नाही. दहा-अकरा वर्षं! आपण प्रभातच्या जुन्या प्रिंटा गेल्या म्हणून हळहळतो, २००३ ला पुण्यात आग लागली तेव्हा केवढी हळहळ झाली, आणि इथं कालपरवाचं काम कुठल्या आगीशिवाय गायब होतंय आणि त्याची बातमी पण नाही.

पाचवी छोटी आहे. वाजवणाऱ्यांची नावं. गाण्याच्या व्हिडिओखाली मेकअप, स्पॉट, कॅटरिंग सगळ्यांची नावं असतात (असावीतच), पण सुंद्री कुणी वाजवली ते नसतं. हिंदी सिनेमात तर गोव्याच्या कितीतरी म्युझिशियननी आयुष्यं घातली, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, ज्यांनी अख्खे ऑर्केस्ट्रा उभे केले, आणि टायटलमध्ये त्यांची नावं शोधायला भिंग लागतं. अँथनी गोन्साल्विस प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, पण लोकांना ते नाव माहिती आहे ते एका विनोदी गाण्यामुळं. आमच्या आण्णांचं नाव तर भिंगानं पण सापडत नाही.

आता तुमची बाजू. तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे, कोण ऐकणार असलं संगीत, नुसतं, गाण्याशिवाय.

साहेब, आमच्या कोल्हापुरातनं गाडी काढली की कागल ओलांडलं आणि कर्नाटक सुरू. तिथल्या लोकांनी केजीएफचं बीजीएम काढलं, कांताराचं काढलं. खाली तमिळमध्ये विक्रमचं आलं. माझ्या भाच्याला कन्नडचा एक शब्द येत नाही पण कांताराचं बीजीएम लावून तो जिमला जातो. महामार्ग एकच, पाऊस एकच, ऊस पण तोच, मग कागलच्या अलीकडं ऐकणारे नाहीत आणि पलीकडं आहेत असं कसं? आणि हे काही आत्ताचं फॅड नाही. सत्या आठवतो ना, आपल्या मुंबईचा, भिकू म्हात्रेचा? १९९८. गाणी विशाल भारद्वाजची, त्यांचा अल्बम वेगळा, आणि संदीप चौटाचं पार्श्वसंगीत "सत्या : द साउंड" म्हणून वेगळं बाजारात आलं. कॅसेटच्या जमान्यात, जेव्हा छापायला, पाठवायला, दुकानात ठेवायला पैसे पडायचे तेव्हा हे कुणालातरी सुचलं, आणि आज अपलोड करायचं म्हटलं की परवडत नाही. तुंबाडचं घ्या, गावाचं नाव कोकणातलं, दिग्दर्शक मराठी, पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या जेस्पर किडचं, व्हिडिओ गेमला संगीत देणारा माणूस. ते मी फोनवर ऐकू शकते. म्हणजे कोकणातल्या पावसाचं संगीत परदेशी माणसानं केलं तर अल्बम निघतो.

बाहेरच्या जगात तर या वेडाला अंतच नाही. माझा आत्तेभाऊ न्यू जर्सीला असतो, तो या नादापायी दिवाळखोर व्हायचा बाकी आहे. तिकडं ला-ला लँड रेकॉर्ड्स, इंट्राडा, व्हरेझ साराबांड अशा कंपन्याच आहेत ज्या जुन्या सिनेमांचं पार्श्वसंगीत शोधून, टेपा साफ करून, मोजक्याच सीडी काढतात, बरोबर जाड पुस्तिका, त्यात एकेका तुकड्याबद्दल लिहिलेलं. तो त्या सीडी घेतो, आणि मग त्याचे मित्र आणि तो यावर तास तास वाद घालतात की ट्रॅक सिनेमाच्या क्रमानं लावावेत की ऐकायला बरे वाटतील तसे. (मी सिनेमाच्या क्रमाच्या बाजूची. सीन डोळ्यासमोर आला पाहिजे.) ब्लेड रनर १९८२ चा, शेवटच्या पाट्यांत अल्बम येणार म्हणून छापलेलं, तेव्हा आला तो दुसऱ्याच ऑर्केस्ट्रानं वाजवलेला, आणि मूळ संगीतकार व्हँगेलिसचा स्वतःचा अल्बम उजाडला १९९४ ला. बारा वर्षं लोक त्या एका गोष्टीवर कुढत होते. आणि इंटरस्टेलर तर अलीकडचा, यान गरगर फिरत असताना जोडायचं असतं त्या सीनचं संगीत, जे सगळ्यांना पाहिजे होतं नेमकं तेच २०१४ च्या पहिल्या अल्बममध्ये नव्हतं, लोकांनी ओरडा केला, नंतर आलं. संगीतकार हान्स झिमर असला तरी चुकतात, पण ओरडा ऐकतात.

मी असं म्हणत नाहीये की प्रत्येक सिनेमाचं पार्श्वसंगीत काढा. खरं सांगायचं तर निम्म्या सिनेमांत नुसता "धडाम" आणि "घूंऽऽ" असतो, सासू आली धडाम, फोन वाजला धडाम, ते काढलंत तर मीच तक्रार करीन. कुठं वाजवायचं नाही हे पण संगीतच आहे आणि ते आपल्याकडं फार पूर्वीपासून कळत होतं. प्रभात जन्मली आमच्या कोल्हापुरात, नंतर पुण्याला गेली, त्यांनी १९३७ ला कुंकू केला तेव्हा पार्श्वसंगीत न वापरता नुसत्या नैसर्गिक आवाजांवर सिनेमा उभा केला. सैराटचा शेवट आठवा, ते बाळ, ती पावलं, आणि एक सूर नाही. तिथं गप्प बसायचं हे ज्यांना कळलं त्यांनी आधीच्या दोन-अडीच तासांत जे वाजवलं ते विचार करूनच वाजवलं असणार ना. मग ते ऐकू दे की आम्हाला.

आणि खर्च म्हणाल तर सगळ्यात मोठा खर्च तुम्ही आधीच केलेला असतो. वादक झाले, स्टुडिओ झाला, मिक्सिंग झालं. मला त्या संगीतकारांनीच समजावून सांगितलं की फायनल मिक्सला संवाद वेगळे, इफेक्ट वेगळे, म्युझिक वेगळं असंच असतं, सिनेमा दुसऱ्या भाषेत डब करायचा झाला तर संवाद काढून म्युझिक आणि इफेक्टचा ट्रॅक द्यावाच लागतो. एकेका तुकड्याला नंबर सुद्धा असतो, ४एम२ म्हणजे चौथ्या रिळातला दुसरा म्युझिकचा तुकडा. म्हणजे माल तयार, कापलेला, नंबर टाकलेला. राहिलं काय, तर स्टिरिओ करणं, मास्टरिंग, नावं देणं. नावं द्यायला माणूस नसेल तर मला सांगा, मी रविवारी मोकळी असते.

एक गोष्ट मात्र विनोद बाजूला ठेवून. २०१२ ला कॉपीराइटचा कायदा बदलला. थेटरात सिनेमासोबत वाजतं ते सोडून बाकी ठिकाणी संगीत वापरलं की संगीतकार-गीतकारांना रॉयल्टीत समान वाटा, आणि तो त्यांच्याकडनं लिहून घेता येत नाही. आता ज्याचं पार्श्वसंगीत बाहेरच येत नाही त्याला अल्बमचा वाटा कशातनं मिळणार? गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं असं हल्ली सर्रास असतं, तर त्या दुसऱ्याच्या हातात शिफ्टच्या पाकिटासारखं एकदाच काय ते पैसे. सरकारला सुद्धा फरक कळलाय, २००९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून गाण्यांना वेगळा आणि पार्श्वसंगीताला वेगळा पुरस्कार देतात. तिथनं २०२३ पर्यंतची यादी काढून बघा, पार्श्वसंगीताच्या बाजूला मल्याळम आहे, बंगाली आहे, तमिळ, तेलुगू, कन्नड, हिंदी आहे, मराठी एकही नाही. अल्बम काढला असता तर पुरस्कार मिळाला असता असलं येडं लॉजिक मी लावत नाही. पण ज्या गोष्टीला आपण स्वतःच घरात पाट मांडत नाही तिला बाहेरचे कशाला मान देतील.

आमचं मागणं काय आहे ते आता सरळ लिहिते, म्हणजे नंतर मागणी नसते असं व्हायला नको.

सिनेमा ओटीटीवर आला की तीन महिन्यांच्या आत पार्श्वसंगीताचा वेगळा अल्बम टाका. सगळं नको, संगीतकाराला जे योग्य वाटेल ते, अर्धा तास असलं तरी चालेल, पण तुकडे वेगवेगळे, पूर्ण लांबीचे, आणि वर डायलॉग नको. संगीतकाराचं नाव कव्हरवर गाणीवाल्यांच्या इतक्याच मोठ्या अक्षरात, आणि वादकांची नावं वाद्यांसकट खाली. नवे करार करताना निर्मात्यांनी आणि कंपन्यांनी पार्श्वसंगीताचे हक्क कुणाकडं ते एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी कुणाच्या आण्णांची पोरगी मेल करील तेव्हा तिची टोलवाटोलवी होणार नाही. मिक्सिंग संपलं की म्युझिकच्या ट्रॅकची साध्या वेव्ह फाइलमध्ये एक कॉपी संगीतकाराला आणि एक पुण्याच्या फिल्म संग्रहालयात ठेवायला द्या, प्रोजेक्ट फाइल नाही, साधी वेव्ह, जी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. आणि जुन्या सिनेमांच्या ज्या काही मॅग्नेटिक टेपा तुमच्या गोदामात असतील त्यांची निदान यादी करा. साफ करायला पैसे लागतात हे कळतं, पण यादीला वही आणि पेन लागतं. ज्यांचा अल्बम तुम्ही काढणारच नाही म्हणून ठरलंय त्यांचे तुकडे चाहत्यांनी टाकले तर नोटिशीऐवजी जाहिरातीचे पैसे तुम्ही घ्या, आम्हाला एक रुपया नको, फक्त काढून टाकू नका.

पैसे भरायची पण तयारी आहे. आमच्या ग्रुपात सध्या एकवीस माणसं आहेत, हसू नका, त्यात इस्लामपूरचा एक दूधवाला आहे आणि पणजीची एक रिटायर्ड बाई आहेत ज्यांना कुठल्या सिनेमात कुठल्या मिनिटाला चेलो सुरू होतो ते तोंडपाठ आहे. तुम्ही आधी नोंदणी घ्या, ठरावीक आकडा झाला तरच काढा, नाही झाला तर पैसे परत. आकडा तुम्ही ठरवा. एकवीस आमच्याकडनं आत्ताच धरा.

माझं वैयक्तिक मागणं एकच. १९८७ चा तो सिनेमा, एसटी स्टँडचा सीन. कुठल्या रिळात येतो ते मी मोजून ठेवलंय, पाचव्या. म्हणजे तुकड्याचा नंबर ५एम काहीतरी असणार. माझा जुना मेल तुमच्या इनबॉक्समध्ये असेलच, त्यात सिनेमाचं नाव आहे. टेप नसेल तर नाही म्हणून कळवा, मी परत विचारणार नाही. असेल तर दीड मिनिट पाठवा. फुकट नको, काय ते बिल लावा. आईला आता कमी ऐकू येतं, पण शिट्टीशिवायचं तिला एकदा ऐकवायचंय, कारण ती अजून म्हणते की त्या दिवशी कुकर लावायला नको होता.

कळावे,
क्लॅरोनेटवाल्या आण्णांची मुलगी,
कोल्हापूर

ता. क. : कॉलर ट्यून नको.